काच तेवढी विकतच घ्या

वेल्डिंगसाठी तोंडापुढे धरायची शील्ड घरच्या घरी करता येते, असं छातीठोकपणे सांगणारे आपल्याकडे गावोगाव आहेत. पुठ्ठ्याचा खोका कापा, डोळ्यांच्या जागी खिडकी पाडा, तिच्यावर जुन्या एक्सरे फिल्मच्या दोन-तीन घड्या चिकटवा, की झालं काम. कोणी फिल्मऐवजी उन्हाचा गॉगल सुचवतो, कोणी गाडीच्या काचेला लावायची काळी फिल्म. पैसे वाचतात, बाजारात जायचा हेलपाटा वाचतो, आणि वर हुशारीचं कौतुक होतं.

या सल्ल्याचा मला प्रतिवाद करायचा आहे. सरसकट नाही, कारण त्यातला अर्धा भाग बरोबर आहे. तोंड झाकणारी चौकट घरी करता येते, आणि मन लावून केली तर ती बाजारातल्या हलक्या शील्डपेक्षा चांगली होते. पण त्या चौकटीत बसणारी काळी काच घरी करता येत नाही. फिल्मने नाही, गॉगलने नाही, कुठल्याच युक्तीने नाही. सबंध शील्डमध्ये डोळा वाचवणारी वस्तू तेवढी एकच, आणि नेमकी तीच सर्वांत स्वस्त. तिच्यावर पैसे वाचवायला सांगणारा माणूस दुसऱ्याच्या पोराचे डोळे पणाला लावतो आहे, आणि हे त्याला तोंडावर सांगायची वेळ आली आहे.

महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत हा प्रश्न घरोघरचा आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस झेलणारा हा मुलूख. स्लॅबचं घर बांधलं तरी गच्चीवर पत्र्याची शेड लागतेच, नाहीतर चार पावसाळ्यांत स्लॅब पाझरू लागतो. मुंबईचा चाकरमानी मे महिन्यात गावी येतो. शेड, गेट, खिडक्यांच्या ग्रिल, पडवीचे अँगल ही सगळी कामं तेव्हाच निघतात आणि मृगाच्या आत उरकायची असतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगडातल्या घरांचे पत्रे उडवले. जुलै २०२१ च्या पुराने महाडची बाजारपेठ बुडवली. दोन्ही वेळा घर आणि दुकान पुन्हा उभं करताना फॅब्रिकेशनवाल्यावाचून कोणाचं पान हललं नाही. एमआयडीसीतली आणि महामार्गावरची कामं वेगळीच. मोठ्या कारखान्यात निदान गेटवर कोणीतरी बूट-हेल्मेट बघतं. गावातल्या गच्चीवर बघणारं कोणी नसतं. तिथे असतात एक कारागीर, एक हेल्पर आणि लवकर करा म्हणून मागे लागलेला घरमालक.

त्या हेल्परकडे जरा नीट बघा. बहुतेकदा तो जवळच्या वाडीतला, नुकतीच दहावी-बारावी झालेला मुलगा असतो. कारागीर शिडीवर, त्याच्या डाव्या हातात शील्ड, उजव्या हातात होल्डर. पोरगा खाली दोन्ही हातांनी पाइप काटकोनात धरून उभा. ‘बघू नको रे’ म्हणून कारागीर टाका मारतो. पोरगा मान वळवतो, डोळे घट्ट मिटतो. टाका पडला की पाइप सरकला का हे बघायला डोळे उघडतो, आणि तेवढ्यात दुसरा टाका पडतो. बाजूला नवा कोरा पत्रा रचलेला असतो. त्याच्यावरून तोच उजेड परत त्याच्या तोंडावर येतो. संध्याकाळपर्यंत त्याच्या मानेची कातडी रापून लाल होते. जेवून तो झोपतो, आणि रात्री एक-दोनच्या सुमाराला डोळ्यांत मूठभर वाळू टाकल्यासारखा उठून बसतो. पापणी उघडवत नाही, मिटवत नाही, पाणी थांबत नाही, चिमणीएवढा उजेडही सोसत नाही. घरचे म्हणतात, वेल्डिंग लागलं. जणू ते पावसात भिजण्यासारखं काही असावं, या धंद्यात चालायचंच म्हणून सोडून द्यायचं.

ते चालायचंच नाही. आणि ते चालू राहतं ते काही ठरावीक समजुतींमुळे. त्यांतली एकेक घेऊ.

पहिली आणि सर्वांत घातक समजूत अशी, की समोर काळं दिसलं म्हणजे डोळा वाचला. वेल्डिंगच्या आर्कमधून तीन प्रकारचे किरण येतात. एक डोळ्यांना दिसणारा झगझगीत उजेड. दुसरे अतिनील किरण, जे दिसत नाहीत आणि बुबुळावरचा पारदर्शक पडदा भाजतात. तिसरे अवरक्त, म्हणजे उष्णतेचे किरण. तेही दिसत नाहीत, आणि वर्षानुवर्षांच्या माऱ्याने डोळ्यातलं भिंग गढूळ करतात. पुठ्ठ्यात चिकटवलेली कुठलीही काळी वस्तू यांतल्या फक्त पहिल्या किरणांबद्दल काही सांगते. उरलेले दोन तिच्यातून पार होतात की अडतात, हे डोळ्यांनी ओळखायला मार्गच नाही. पुरानंतर विहिरीचं पाणी निवळलं म्हणून ते पिण्याजोगं झालं असं आपण मानत नाही, कारण बाधा करणारं जे असतं ते दिसत नाही. काळ्या काचेचंही तसंच आहे.

याला पुरावा हवा असेल तर आपोआप काळ्या होणाऱ्या नव्या हेल्मेटचा घ्या. आर्क पेटला की त्याची काच क्षणात काळी होते आणि विझला की पुन्हा उजळ. पण त्या काचेतला अतिनील आणि अवरक्त किरण अडवणारा थर कायम काम करत असतो, काच उजळ असतानाही. म्हणजे अंधार करणं आणि किरण अडवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि चांगली काच बनवणारा ती दोन्ही वेगवेगळी साधतो. हे ज्ञान कालपरवाचंही नाही. काचभट्टीपुढे काम करणाऱ्यांना मोतीबिंदू होतो म्हणून विल्यम क्रुक्स या इंग्रज शास्त्रज्ञाने काचेच्या रसात निरनिराळी मूलद्रव्यं मिसळून शेकडो प्रकारच्या काचा ओतून पाहिल्या आणि १९१३ मध्ये आपले निष्कर्ष लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. त्याला आढळलं ते हे, की सेरियमसारखं मूलद्रव्य घातलेली फिकट काचही अतिनील किरण अडवते आणि विशिष्ट रूपातलं लोखंड उष्णता अडवतं. काचेचा गुण तिच्या रसात काय मिसळलं यावर ठरतो. तो रस कोणाच्या पडवीत शिजत नाही, आणि त्यात काही कमीपणाही नाही.

काळेपणाचंही मोजमाप आहे, तो ‘अंदाजे गडद’ नसतो. वेल्डिंगच्या काचेवर नंबर असतो. दहा नंबरची काच समोरच्या उजेडाच्या सुमारे सात हजार भागांतला एकच भाग आत येऊ देते. गावातल्या ग्रिल-शेडच्या कामात बारा गेजचा म्हणजे अडीच मिलिमीटरचा, नाहीतर दहा गेजचा म्हणजे ३.१५ मिलिमीटरचा रॉड चालतो, आणि करंट साधारण ६० ते १३० अँपिअरच्या दरम्यान असतो. या कामाला दहा नंबरची काच योग्य मानली जाते. करंट १६० च्या वर गेला तर बारापर्यंत जावं.

आता गॅस कटिंगचा तो हिरव्या गोल काचांचा गॉगल घ्या, जो कित्येक दुकानांत आर्कसाठीही सर्रास वापरला जातो. त्याची काच साधारण पाच नंबरची असते. दहा नंबरच्या तुलनेत ती सुमारे १४० पट उजेड आत सोडते. उन्हाचा गडद गॉगल तर शंभरातला दहाएक भाग उजेड सोडतो, म्हणजे दहा नंबरच्या शेकडो पट. शिवाय गॉगलमागे थोडा अंधार झाला की डोळ्याची बाहुली मोठी होते, आणि गॉगलची काच जे अडवत नाही ते जास्त प्रमाणात आत शिरतं. बाजूच्या फटी उघड्या राहतात त्या राहतातच, आणि गाल, नाक, गळा भाजायला मोकळा असतो तो वेगळा. गॉगल लावून टाका मारणारा आपण काहीतरी काळजी घेतली या समाधानात आर्ककडे अधिक वेळ बघतो. उघड्या डोळ्यांचा माणूस निदान दचकून तोंड फिरवतो.

दुसरी समजूत एक्सरे फिल्मची. ग्रहण बघायला ती डोळ्यांपुढे धरायची वाईट सवय आपल्याकडे जुनी आहे आणि तिथूनच ती वेल्डिंगच्या पुठ्ठ्यावर आली असावी. एक्सरे फिल्म घेऊन खिडकीसमोर धरा. हाडाच्या जागी ती पांढुरकी असते, मांसाच्या जागी करडी, कडेला काळी. एकाच तुकड्यात तीन जागी तीन तऱ्हा. कुठला भाग डोळ्यांपुढे येईल हे मान हलवेल तसं बदलतं. किती घड्या घातल्या म्हणजे दहा नंबर होतो हे सांगणारा माणूस जगात नाही, कारण फिल्म त्या कामासाठी बनलेलीच नाही. त्यातून ठिणगी पडली की ती वितळते, आणि ती असते डोळ्यांपासून चार बोटांवर. गाडीच्या काळ्या फिल्मची गोष्ट वेगळी नाही. ती उन्हाची तिरीप कमी करायला केलेली आहे. हातभर अंतरावर पेटलेल्या आर्कपुढे तिचा विचार करणंही चूक.

तिसरी समजूत, ‘एका टाक्याने काय होतंय’ आणि तिची मोठी बहीण, ‘सवय होते’. जवळून पेटलेल्या आर्कच्या बाबतीत उघड्या डोळ्यांना सोसेल अशी मुदत मिनिटांत मोजत नाहीत, सेकंदांत मोजतात. आणि हे सेकंद दिवसभर साठत जातात. सकाळचे दोन टाके, जेवणाआधीचे चार, संध्याकाळी घाईत मारलेले दहा, असे सगळे मिळून रात्री हिशोब मागतात. त्रास सहा ते बारा तासांनी सुरू होतो. हेच सगळ्यात फसवं. चटका लगेच बसला असता तर कोणी दुसरा टाका उघड्या डोळ्यांनी मारला नसता. सवयीचं म्हणाल तर उन्हात कातडी रापते, पण बुबुळावरचा पडदा रापत नाही. दहा वर्षं वेल्डिंग केलेल्याचा डोळा पहिल्या दिवशीच्या पोराइतकाच भाजतो. बदलते ती फक्त वेदना गिळून दुसऱ्या दिवशी कामावर येण्याची ताकद, आणि तिलाच आपण सवय म्हणतो.

‘आमच्या वडिलांनी जन्मभर गॉगलवरच काम केलं, त्यांना काय झालं?’ हा प्रश्नही नेहमी येतो. ज्यांना झालं ते दुकानात भेटत नाहीत, म्हणून असं वाटतं. ज्याची नजर अधू झाली त्याने होल्डर ठेवला आणि तो गावी शेतीला किंवा कुठे वॉचमनच्या कामाला लागला. त्याच्या मोतीबिंदूचं कारण कोणी विचारलं नाही, वयावर ढकललं. आजवर चाललं म्हणून उद्याही चालेल, या तर्काची किंमत महाडने एकदा फार मोठी मोजली आहे. सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूलही २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीपर्यंत चालतच होता. त्या रात्री तो दोन एसटी गाड्या आणि त्यांतल्या माणसांना घेऊन गेला. या तालुक्यात तरी ‘इतकी वर्षं चाललंय ना’ हे वाक्य पुरावा म्हणून कोणी पुढे करू नये.

चौथी समजूत बटाट्याची. वेल्डिंग लागलं की बटाट्याच्या चकत्या डोळ्यांवर ठेवा, दुधाचे थेंब घाला, गुलाबपाणी घाला. दोन दिवसांत आराम पडतो, आणि श्रेय बटाट्याला मिळतं. खरी गोष्ट अशी, की अतिनील किरणांनी बुबुळाचा वरचा नाजूक पापुद्रा जळून सुटतो आणि खालच्या नसा उघड्या पडतात, म्हणून ती जीवघेणी आग. तो पापुद्रा शरीर एक-दोन दिवसांत स्वतःच भरून काढतं. बटाटा ठेवला तरी आणि नाही ठेवला तरी. थंडाव्याने बरं वाटत असेल तर स्वच्छ पाण्यात भिजवलेली पट्टी मिटल्या डोळ्यांवर ठेवावी. पण पापुद्रा गेलेल्या उघड्या डोळ्यात दूध, बटाट्याचा रस किंवा आणखी काही घालणं म्हणजे जखमेत घाण घालणं. त्याहून वाईट म्हणजे मेडिकलमधून आणलेले डोळा बधिर करणारे थेंब. ते डॉक्टरने तपासणीपुरते घालायचे असतात. घरी पुन्हा पुन्हा घातले तर जखम भरायची थांबते आणि बुबुळ कायमचं खराब होऊ शकतं. डोळा चोळू नये, अंधारात विश्रांती घ्यावी, सकाळी डॉक्टर गाठावा. दुसऱ्या दिवशीही दिसायला धूसर असेल, किंवा टाक्यानंतर ग्राइंडर चालवताना कण गेल्याची शंका असेल, तर एक तासही घालवू नये.

आणि दोन दिवसांत बरं होणारा त्रास हाच सगळा त्रास, हीदेखील चूक आहे. आर्कमधला निळसर उजेड डोळ्यातलं भिंग थेट डोळ्याच्या मागच्या पडद्यावर एकवटतं, आणि तिथे पडलेला डाग कायमचा राहू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने वेल्डिंगचा धूर आणि वेल्डिंगमधून येणारे अतिनील किरण या दोन्हींना माणसात निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात घातलं आहे. त्यावरचा तिचा ग्रंथ २०१८ चा. किरणांच्या बाबतीत तो कर्करोग डोळ्यातला आहे. ही गोष्ट पोलादपूरच्या दुकानात कोणी पोहोचवली नाही, हा त्या पोराचा दोष नाही.

पाचवा युक्तिवाद गरिबीचा, आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. ‘साहेब, चांगल्या वस्तू कोणाला नको असतात? परवडत नाही म्हणून पुठ्ठा.’ हे म्हणणं हेल्परच्या तोंडी खरं आहे. दुकानदाराच्या तोंडी खरं नाही. वेल्डिंगची काळी काच शंभर रुपयांच्या आत येते, रॉडच्या एका पुडक्यापेक्षा स्वस्त. हातात धरायची साधी शील्ड दोन-तीनशेत मिळते. मशीन हजारोंचं, ग्राइंडर हजारोंचा, केबल हजारोंची, पत्रा-पाइप लाखाच्या घरात, आणि खर्च वाचवायचा तो शंभर रुपयांच्या काचेवर? पुठ्ठ्याची शील्ड दारिद्र्यातून आलेली नाही. ती आली आहे या हिशोबातून, की डोळा पोराचा आणि काच मालकाची. पोराचा एक दिवसाचा रोज बुडतो तो पोराच्याच खिशातून बुडतो, म्हणून काच महाग वाटते. तो रोज मालकाला भरायला लावा, दुसऱ्या दिवशी दुकानात चार काचा येतील.

आता सहावा आक्षेप, आणि यात सर्वांत जास्त तथ्य आहे. कारागीर सांगतात, ‘हातातली शील्ड धरली की एक हात गुंततो. शिडीवर एक हात होल्डरला, एक शील्डला, मग स्वतःला धरू कशाने? डोक्यावरचं हेल्मेट मे महिन्याच्या उकाड्यात घामाने निथळतं, काचेवर वाफ धरते, पट्टा निसटतो, मान दुखते. मग नाइलाजाने गॉगल.’ हे सारं खरं आहे. बाजारात मिळणाऱ्या कित्येक शील्ड आपल्याकडच्या हवेला आणि आपल्या कामाच्या पद्धतीला धरून केलेल्या नसतात. इथेच घरगुती कारागिरीला खरा वाव आहे आणि इथे मी तिच्या बाजूने उभा आहे. चौकट करा. जरूर करा. पण अशी करा.

पुठ्ठा नको, तो घामाने भिजतो आणि ठिणगीने पेट घेतो. पातळ प्लास्टिक नको, ते वितळून कातडीला चिकटतं. उघडा पत्रा नको. त्यातून वीज वाहते आणि आतल्या चकाकीवरून उजेड उलटा डोळ्यांत येतो. २०२० मध्ये करोनाच्या काळात घरोघरी झालेली पारदर्शक शीटची शील्ड तर मुळीच नको, ती थुंकीचे तुषार अडवायला होती. मात्र तिची स्पंज लावलेली कपाळपट्टी चांगली. तशी पट्टी आपल्या चौकटीला लावली तर घाम टिपला जातो आणि कपाळ व चौकट यांत हवा खेळायला बोटभर जागा राहते. हातातल्या शील्डला पातळ कोरडं प्लाय चालतं. डोक्यावरच्या शील्डला मोडलेल्या जुन्या शील्डचं फायबर किंवा जाड चामडं उत्तम. सपाट पाटी करू नका. दोन्ही बाजूंना कानापर्यंत पाखं हवीत आणि हनुवटीखाली गळा झाकणारी चामड्याची झालर. आतून सगळीकडे चकाकी नसलेला काळा रंग.

काचेचं घर सर्वांत महत्त्वाचं. काच साधारण सव्वाचार बाय सव्वातीन इंचाची असते. विकत आणून, मोजून मगच खिडकी कापा आणि ती काचेपेक्षा चहूबाजूंनी लहान ठेवा. बाहेरच्या बाजूला साधी पांढरी काच, तिच्यामागे काळी. पांढरी काच ठिणग्या झेलते, डागाळली की चार पैशांत बदलता येते आणि काळी काच शाबूत राहते. कडेला फेल्टची किंवा चामड्याची पट्टी लावून दोन्ही काचा घट्ट आवळा. मग शील्ड तोंडाला लावून सूर्याकडे पाठ करून उन्हात उभे राहा. आत कुठूनही उजेडाची रेघ दिसली तर चौकट अजून झालेली नाही. काळ्या काचेतून भर दुपारी अंगणातलं झाड स्पष्ट दिसत असेल, तर तिच्यावर काहीही नंबर छापलेला असो, ती दहा नंबरची नाही. उलट काही दिसत नाही म्हणून काच चांगली ठरते असंही नाही, म्हणून नंबर नसलेली, कसलीच मानकाची खूण नसलेली काच घेऊ नका. वेल्डिंगच्या डोळे-चेहरा संरक्षणासाठी आपल्याकडे आयएस ११७९ हे भारतीय मानक आहे. दुकानदाराला ते विचारायचा हक्क गिऱ्हाइकाला आहे. काळ्या काचेला बारीक तडा गेला तरी ती फेकायची. टेप लावून चालवायची नाही.

शील्ड किरण अडवते, धूर अडवत नाही, हेही इथेच सांगतो. कोकणात गंज चढतो म्हणून आपण जीआय पाइप वापरतो. त्यावरचा जस्ताचा थर जळाला की पांढरा धूर निघतो आणि तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. सांध्याजवळचा थर आधी घासून काढावा, वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभं राहावं.

आणि दोन काचा. कारागिराला एक, हेल्परला एक. हे मी नवीन मागत नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यातलं कलम ३५ केवळ डोळ्यांच्या रक्षणासाठी लिहिलं गेलं. जास्त उजेडाने डोळ्यांना धोका असेल तिथे त्या प्रक्रियेवर काम करणाऱ्याला, आणि तिच्या अगदी जवळ काम करणाऱ्यालाही, योग्य गॉगल किंवा पडदा देण्याची तरतूद त्यात झाली. ‘जवळ काम करणारा’ म्हणजे तोच, पाइप धरून उभा असलेला पोरगा. ज्यांनी कायदा लिहिला त्यांना तो दिसला होता. पण दोन-तीन माणसांचं दुकान कारखान्याच्या व्याख्येत बसत नाही आणि गच्चीवरच्या कामाला इन्स्पेक्टर येत नाही. म्हणून कायद्याची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. जे आपल्या हातात आहे ते करायला हवं.

ते तिघांच्या हातात आहे. दुकानदाराने दोन शील्ड आणि चार जादा काचा दुकानात ठेवाव्यात आणि काचेशिवाय टाका मारणाऱ्याचं काम थांबवावं. तालुक्याच्या आयटीआयने वर्षभराच्या वेल्डर ट्रेडला न येऊ शकणाऱ्या या हेल्परांसाठी एप्रिलमध्ये, हंगामाच्या तोंडावर, एका दिवसाचा वर्ग घ्यावा: काच कशी ओळखायची, चौकट कशी बांधायची, वेल्डिंग लागलं तर काय करायचं. आणि तिसरा, सर्वांत ताकदवान, म्हणजे घरमालक. शेडचा भाव ठरवताना आपण पाइपचं गेज विचारतो, पत्र्याची जाडी विचारतो, रंगाचे हात विचारतो. त्याच बैठकीत काचेचा नंबर विचारा, आणि हेल्परची काच दाखवा म्हणा. दाखवता आली नाही तर आगाऊ रक्कम देऊ नका. आपली लहान मुलं काम बघायला पुढे येतात, त्यांना घरात घ्या. आर्क त्यांना ओळखत नाही.

घरगुती युक्तीचा अभिमान मलाही आहे. या डोंगराळ मुलखात ती नसती तर अर्धी कामं अडली असती. पण युक्ती कुठे चालते आणि कुठे थांबते हे ज्याला कळतं तोच कारागीर. चौकटीत तुमची सगळी हुशारी ओता. काच मात्र दुकानातून आणा, नंबर बघून आणा, आणि एक आणत असाल तर दोन आणा.